रिकामा डबा परत देत नाहीत

आमच्या मराठी मंडळाने बाळंतिणींना डबा पोचवायचं ठरवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी इतकी चिडचिड केली की ही बाई पहिल्यापासून विरोधातच होती, असा समज मंडळात पसरला आहे. मी विरोधात नव्हते. कल्पना माझीच होती असंही म्हणता येईल, फक्त तसं म्हणणारी मी एकटीच आहे.

जर्मनीत, एर्लांगेनमध्ये मला वीसेक वर्षं झाली. इथल्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे. म्हणजे मधुमेहाच्या आजोबांना पाव कमी खा आणि ऑपरेशन झालेल्या आजींना दही जास्त खा असं सांगते, आणि दोघंही मान डोलावून त्यांना हवं तेच खातात. मी आले तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता कंपनीत आणि विद्यापीठात इतकी तरुण मंडळी आली आहेत की गणपतीला हॉल पुरत नाही. ही मुलं संसार थाटतात, वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, आणि बाळंतपणाला जिची आई यायची असते तिची आई येत नाही. कधी व्हिसाचा टेर्मिन, म्हणजे मुलाखतीची तारीख, मिळत नाही, कधी ऐन वेळी वडिलांची अँजिओप्लास्टी निघते. मग वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक मुलगी, एक नवरा आणि एक तान्हं बाळ एवढेच उरतात, आणि फ्रिजमध्ये ब्रेड आणि चीज असतं.

अशा मुली मी पाहत होते. कोजागरीला बाळ दाखवायला यायच्या तेव्हा बाळ गुटगुटीत आणि आई पांढरीफटक. जेवतेस का विचारलं की सगळ्या हसून म्हणायच्या, हो काकू, जमेल तसं. जमेल तसं म्हणजे काय, ते मला माझ्या कामामुळे चांगलं माहीत आहे.

म्हणून बैठक झाली. अध्यक्षबाईंच्या घरी, चहा-खाऱ्या शंकरपाळ्यांसकट. अध्यक्षबाई माझ्याहून वयाने मोठ्या, सगळे त्यांना वहिनी म्हणतात. डब्यात काय असावं यावर दोन तास चर्चा झाली. मी म्हटलं, डाळ, उसळ, पालेभाजी, दही, चालत असेल तर अंडं आणि मासे. त्यांचं म्हणणं डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, सुंठ आणि वर तूप. लाडवांशी माझं वैर नाही. अळिवाबद्दल तर मी स्वतः चार चांगले शब्द बोलते. पण नुसत्या लाडवांवर कोणी बाळाला पाजू शकत नाही, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि शेवटी दोन्ही असावं असं ठरलं. सव्वा महिना, आळीपाळीने, रोज एका घरातून स्टीलचा डबा. मी सायकलवरून घरी आले तेव्हा खरोखर खुशीत होते.

पहिल्या दोन बाळंतिणींकडे डबे गेले आणि ग्रुपवर फोटो आले. डब्यांचे, लाडवांचे, बाळाचे, आणि बाळाला मांडीवर घेतलेल्या डबा आणणाऱ्यांचे. सगळं छान चाललंय असं मलाही वाटलं. मग तिसरी आली, आणि तिच्या घरी माझी पाळी लागली.

ती सांगलीची. विद्यापीठात धातूंवर डॉक्टरेट करत होती, नवरा कंपनीत. बाळ थोडं आधी झालं होतं आणि चणीने लहान. बाळंतपणात तिचं रक्तही बरंच गेलं होतं. तिची आई यायची ती व्हिसात अडकली होती. हे सगळं ग्रुपवर आलं होतं, त्यामुळे डब्यांना अगदी चढाओढ लागलेली. मी तिच्याकडे गेले ती तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी. सायकलच्या पिशवीत पालकाची डाळ, मटकीची उसळ, दोन अंड्यांची बुर्जी आणि पोळ्या. वर गेले, तर दार नवऱ्याने नाही, तिनेच उघडलं, आणि उघडून घाईघाईने आत पळाली.

ती स्वयंपाकघरात उभी राहून चिवडा करत होती. एका हातात झारा. खाली जमिनीवर झोपाळ्यासारख्या खुर्चीत बाळ, आणि ते रडू नये म्हणून ती पायाच्या अंगठ्याने खुर्ची हलवत होती. खिडकीशी स्टीलचे डबे ओळीने धुऊन पुसून ठेवलेले. साखरेच्या बरणीला टेकून फोन उभा, त्यात तिची आई, आणि आई सांगत होती की हळद आच बंद केल्यावर घाल, नाहीतर करपते. कढीपत्ता कुठून मिळाला म्हणाल तर नवऱ्याला त्यासाठी न्यूर्नबर्गला पिटाळलं होतं.

मला आधी काही कळेचना. म्हटलं, कोणी येणार आहे का?

ती म्हणाली, "नाही हो काकू. डबे परत द्यायचेत ना. रिकामे कसे देऊ?"

मी तिच्या हातातून झारा काढून घेतला आणि गॅस, म्हणजे इथली ती विजेची शेगडी, बंद केली. तिला खुर्चीवर बसवलं, माझा डबा उघडला आणि ताट वाढलं. ती खाऊ लागली, आणि ज्या वेगाने खाऊ लागली ते बघून मी न विचारता आणखी एक पोळी वाढली. हळूहळू सगळं बाहेर आलं. डबा घेऊन येणारे संध्याकाळी येत. बाळ बघायचं असे, म्हणून बसत. बसले की त्यांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून ही उठून चहा टाके. चहाबरोबर काही हवं, म्हणून आलेल्या डब्यातलंच वाढे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालचा डबा भरायला काहीतरी करायला घेई. सोमवारी रव्याचे लाडू, मंगळवारी शंकरपाळे, परवा चिवडा. ज्यांचा डबा आज परत जायचा त्यांना परवाचाच चिवडा दिला तर बरं दिसणार नाही, म्हणून आज नव्याने मक्याचा. तिला जेवू घालायला निघालेली अख्खी योजना ती एकटी, टाक्यांसकट, उभ्याने चालवत होती.

मग तिने मला खरी गोष्ट सांगितली. घरी येऊन बाळाचं वजन करणारी हेबामे, म्हणजे इथली दाई, त्या सकाळी येऊन गेली होती. बाळाचं वजन पुरेसं वाढत नव्हतं. आईला पुरतं खायला आणि पडून राहायला हवं, असं तिने सांगितलं होतं. आणखी आठवडा-दहा दिवस बघू, नाहीतर मुलांच्या डॉक्टरकडे जाऊन वरचं दूध सुरू करावं लागेल. वरचं दूध म्हणजे काही पाप नाही, हे मी रोज लोकांना समजावते. पण या मुलीला अंगावर पाजायचं होतं, तिचा त्यावर जीव होता, आणि दूध का येत नाही हे तिच्या समोरच्या खिडकीत ओळीने मांडून ठेवलेलं होतं. तिला मात्र वाटत होतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. ते ऐकून मला इतका राग आला की मी तिच्याच भांड्यांची आदळआपट करत ओटा आवरला.

नवरा संध्याकाळी आला. बिचारा गोंधळला. रोज एवढे डबे येतायत म्हणजे जेवण होतंय, असं तो धरून चालला होता. आम्ही सगळेही तेच धरून चाललो होतो.

मी अध्यक्षबाईंना फोन केला. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण लगेच म्हणाल्या, अगं, प्रेमाने देते ती, नको कसं म्हणायचं, तिचा अपमान होईल. आणि मग, अगदी सहज, चिवडा मात्र फार सुरेख झाला होता हो, तिखट कसं बेताचं. ग्रुपवर संदेश टाकायचं तेवढं त्यांनी कबूल केलं. "बाळंतिणीने डबे रिकामे परत दिले तरी चालतील," असा. चालतील. म्हणजे आपण मोठ्या मनाने चालवून घेऊ. तो संदेश वाचून त्या मुलीने त्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या.

मी म्हटलं, बरं, रिकामा द्यायचा नाही ना, मग चिमूटभर साखर घाल. आपल्याकडे तसं चालतं. तिने घातली. दोन दिवसांनी एका घरातून मला कळलं की आधीच्या लोकांना वड्या मिळाल्या, आम्हाला साखर. तक्रार म्हणून नाही हं, नुसतं सांगितलं. नुसतं सांगितलेलं आमच्या मंडळात फार लांब जातं. ते तिच्यापर्यंत पोचलं आणि साखर बंद झाली.

मग मी जॅमच्या काचेच्या बाटल्या गोळा केल्या. म्हटलं, डबाच नको, बाटलीतून द्या, बाटली टाकून द्यायची, परत करायचा प्रश्नच नाही. तिने त्या बाटल्या धुतल्या आणि त्यात लिंबाचं लोणचं घालून दिलं. मी घरी येऊन नवऱ्यापुढे हे सगळं ओकले. नवरा जर्मन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आल्झो, म्हणजे मग, ती भांडी रिकामी का देत नाही? मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण त्या क्षणी मला तो सोडून दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

माझी शेवटची सूचना सगळ्यात सोपी होती. डबा न्यायचा, दारातच त्यांच्या पातेल्यात ओतायचा, आपला डबा घेऊन खाली उतरायचं. बसायचं नाही, चहा नाही, परत द्यायला काही उरतच नाही. यावर ग्रुपवर एकीने लिहिलं, दारातून परत फिरायचं म्हणजे आपण काय पार्सलवाले आहोत का. दुसरीने लिहिलं, बाळ न बघता? तिथे माझ्या लक्षात आलं की आमची योजना कशावर चालली होती. चालणारच, तान्हं बाळ बघायला कोणाला आवडत नाही, मलाही आवडतं. पण मग त्याला बाळ बघण्याची योजना म्हणा ना. सूचना बारगळली.

आता एकच माणूस उरलं होतं. सांगलीची ती आई. नंबर मी त्या मुलीच्या नवऱ्याकडून घेतला आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत रुग्णालयाच्या बागेत बसून फोन लावला. मी तयारीनिशी बसले होते. लोह, प्रथिनं, विश्रांती, सगळं सोप्या मराठीत. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "ताई, मी तिला इथून काय देऊ शकते? जेवण नाही देऊ शकत, अंग नाही चोळून देऊ शकत. तिथे चार लोकांत माझ्या मुलीला वळण नाही असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या हातात आहे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी एवढंच म्हटलं, "तिच्या अंगात रक्त नाहीये हो. बाळ वाढत नाहीये. तुम्ही इथे असता तर तिला ओट्याशी उभं राहू दिलं असतंत का?"

"इथे?" त्या म्हणाल्या. "इथे सव्वा महिना तिने ओट्याला हातही लावला नसता. सोयर असते." आणि मग, "तेच सांगा ना त्यांना. आमच्याकडे सोयर पाळतात म्हणावं. बाळंतिणीच्या हातचं घेत नाहीत."

आता मला सोयर आणि विटाळ या दोन शब्दांचा किती तिटकारा आहे, हे सांगायला हवं. कॉलेजात असताना मावशीच्या बाळंतपणात तिला वेगळी ताटली ठेवली म्हणून मी सगळ्यांशी भांडून दोन दिवस जेवले नव्हते. बाई बाळंत झाली म्हणून तिच्या हातचं चालत नाही, हे ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. आणि माझ्यापुढे आता ते औषध म्हणून ठेवलं होतं. बागेतल्या बाकावर बसून माझ्या डोक्यात आलं की आम्ही इथे सुधारलेल्या लोकांनी काय केलं होतं. बाईला कोपऱ्यात का होईना, पण बसवून ठेवणारी रीत आम्ही टाकून दिली, त्याचा अभिमानही बाळगला. आणि तिला उठवून शेगडीपुढे उभी करणारी रीत मात्र जिवापाड जपली.

मी हो म्हटलं. दुसरं काय करणार होते?

त्या मुलीच्या नवऱ्याने ग्रुपवर संदेश लिहिला. आमच्याकडे सव्वा महिना सोयर पाळतात, त्यामुळे घरातून काही परत देता येणार नाही, क्षमस्व. पुढची दहा मिनिटं माझा फोन थांबेना. हात जोडलेल्या चिन्हांची रांग. अध्यक्षबाईंनी लिहिलं, अगदी बरोबर, रीत ती रीत, आधी सांगायचं की. कंपनीत एमआरआयच्या यंत्रांवर काम करणाऱ्या एका मुलाने लिहिलं की तो डबा दाराबाहेर ठेवून बेल वाजवून जाईल, आत येणार नाही. ज्यांना आदल्या दिवशी पार्सलवाला व्हायचं नव्हतं, तेच आता जिन्यातून परत फिरायला तयार होते. मी वीस वर्षं पोषण या विषयात काम करते. माझी डाळ, माझं लोह, माझं दारातलं पातेलं, यांतलं काहीही चाललं नाही. चाललं ते सोयर. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने बोलत होते, आणि माझ्या मुलीने तिच्या खोलीतून जर्मनमध्ये विचारलं की तू कोणाशी भांडते आहेस.

पण सांगलीची ती मुलगी बसली. आडवी झाली. गरम जेवली, आणि जेवून पुन्हा झोपली. आईने रोज फोनवरून, आता हळदीबद्दल नाही, तर किती खाल्लंस याबद्दल विचारायला सुरुवात केली. हेबामे पुन्हा आली तेव्हा वजनाचा काटा थोडा सरकला होता. डॉक्टरकडे जायची वेळ आली नाही. त्याच्या पुढच्या वेळी आणखी सरकला.

त्यानंतर माझी पाळी पुन्हा आली. राजमा, भात, मेथीची भाजी आणि दही घेऊन गेले. दार नवऱ्याने हळूच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दोघंही झोपली होती, आई आणि बाळ. दाराच्या फटीतून मला पलंगाचं टोक आणि पांघरुणाबाहेर आलेला तिचा पाय दिसला. तो कुजबुजत म्हणाला की काल पहिल्यांदा बाळ पोटभर पिऊन आपण होऊन सुटलं आणि झोपलं, आणि ती रडली. एवढं सांगताना त्याचेही डोळे भरून आले. मी भरलेला डबा त्याच्या हातात दिला, त्याने माझा गेल्या खेपेचा डबा माझ्या हातात ठेवला. मी न बसता, न बोलता जिना उतरले. एवढं समाधान मला त्या महिन्यात कशाचं झालं नव्हतं.

खाली सायकलचं कुलूप काढताना डबा पिशवीत ठेवला. मग, का कोण जाणे, पुन्हा बाहेर काढला आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं. स्वच्छ घासलेला, कोरडा, रिकामा डबा. हेच तर मी सगळ्यांशी भांडून मिळवलं होतं.

आणि मला वाईट वाटलं. अगदी स्पष्ट. माझ्यासाठीसुद्धा काही नाही? निदान चिमूटभर साखर? मी डबा बंद केला, पिशवीत कोंबला आणि सायकलवर बसले. घरी पोचेपर्यंत मला भयंकर राग येत होता, आणि या वेळी फोन करून ज्याला झापावं असं कोणी उरलं नव्हतं.